घर भाड्याने देताना पुराचं पाणी कुठवर येतं तेही सांगा

सांगलीच्या कृष्णाकाठच्या गल्ल्यांमधील सर्व घरमालकांस,

सप्रेम नमस्कार.

रोहिणी नक्षत्र लागलं आहे. शाळा-कॉलेजं सुरू व्हायला थोडेच दिवस राहिलेत आणि आपल्या भागात घराघरावर 'खोली भाड्याने देणे आहे'च्या पाट्या लागल्या आहेत. अकरा महिन्यांचे जुने करार संपतायत, नवे होतायत, टेम्पोतून गाद्या आणि सिलिंडर उतरतायत. आज उतरणारी ही माणसं महिना-दीड महिन्यात नदीकाठचा आपला पहिला पावसाळा बघणार आहेत. खोली दाखवताना आपण त्यांना भाडं सांगतो, डिपॉझिट सांगतो, नळाची वेळ सांगतो, लाइट बिल कसं वाटून घ्यायचं ते सांगतो. पुराचं पाणी या खोलीत कुठवर येतं, ते बहुतेक जण सांगत नाहीत. हे पत्र तेवढ्यासाठी आहे.

माझ्याही घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने असतात, त्यामुळे घरमालकाच्या अडचणी मला ठाऊक आहेत. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर मी याच गल्लीत काढले. नागरिक संघाची कार्यवाह या नात्याने लिहिते आहेच, पण तुमच्यातलीच एक म्हणून जास्त लिहिते आहे.

संघाच्या कामाचं आधी थोडक्यात. गटारींच्या तोंडांना जाळ्या बसल्या, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची गल्लीवार यादी नव्याने झाली, कोपऱ्यावरचा बंद पडलेला दिवा लागला. बाकीचा तपशील फलकावर आहे. यंदा सगळ्यात जास्त वेळ आणि माणसं लागली ती पुराच्या रेघा आखायला, आणि ते काम मात्र नीट सांगायला हवं.

आपल्याकडे पुराची उंची प्रत्येकाला तोंडपाठ आहे, फक्त दोघांची सारखी नाही. कुणी म्हणतं खिडकीच्या वर होतं, कुणी म्हणतं ट्यूबलाइट बुडाली होती. म्हणून आम्ही खात्रीच्या खुणा शोधल्या. २०१९चं पाणी ओसरताना कुणी भिंतीत खिळा मारून ठेवला होता, कुणाच्या जिन्याखालच्या कोनाड्यात गाळाची करडी रेघ अजून तशीच आहे, कुणाकडे तारखेसकट फोटो आहेत. अशी घरं गल्लीगल्लीत हुडकली. मग आपल्याच भागातले एक गवंडी लेव्हलची नळी घेऊन आले. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक गाळाच्या रेघेशी धरायचं आणि दुसरं पुढच्या घराच्या भिंतीशी. इकडचं पाणी रेघेवर येऊन थांबलं की तिकडे खडूची खूण. कॉलेजची पोरं एका टोकाला, गवंडी दुसऱ्या टोकाला, आणि मधे 'जरा खाली घ्या, अजून, बास' असा पुकारा. कुणाचा हात हलला की पुन्हा पहिल्यापासून. पुराचं पाणी लांबवर अगदी सपाट नसतं, त्यामुळे एका गल्लीची खूण दुसऱ्या गल्लीत ओढत नेली नाही. प्रत्येक गल्लीत तिथलीच जुनी खूण धरली. खडूच्या खुणेवर ऑइलपेंटची पट्टी मारली आणि शेजारी साल लिहिलं.

त्या रेघेवरून प्रत्येक घराच्या उंबऱ्याचा आकडा काढला. आपल्या सगळ्यांचं माप आयर्विन पुलावरच्या फुटांत चालतं. १९२९पासून उभा असलेला हा पूल आपली फूटपट्टी आहे. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी, हे सांगलीतलं लहान मूलही सांगेल. २०१९ला तिथे पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं होतं. आता तुमच्या भिंतीवरची २०१९ची रेघ उंबऱ्यापासून सहा फूट वर असेल, तर आयर्विनवर साडेएक्कावन्न असताना पाणी तुमच्या उंबऱ्याला लागलं, असा हा साधा हिशेब. जिथे २००५ची किंवा २०२१चीही खूण मिळाली, तिथे तो पडताळून पाहिला. अर्धा फूट इकडेतिकडे होईल, पण त्याहून फार चुकणार नाही. म्हणजे टीव्हीवर 'आयर्विनजवळ पाणी ४६ फुटांवर' अशी पट्टी आली, की त्या घरातल्या माणसाला आपल्याकडे अजून साडेपाच फूट आहेत हे कळतं. सध्या तासाला पाणी किती चढतंय ते बघून हाताशी किती वेळ आहे, हेही त्याला काढता येतं.

हे सगळं झालं. आणि उन्हाळ्यात काही घरांचं रंगकाम निघालं तेव्हा रेघा पुसल्या गेल्या. एक-दोन ठिकाणी नकळत झालं असेल. पण बाकीच्यांनी मला स्पष्ट सांगितलं की भाडेकरू खोली बघायला येतो, रेघ डोक्याच्याही वर दिसते, आणि तो दुसरी खोली बघायला जातो. कुणाचं नाव घेत नाही. त्यांची अडचण खोटी नाही. मात्र रेघ पुसून ती सुटत नाही, आणि कुणाचा तरी जीव धोक्यात येतो.

२०१९ला काय झालं ते आठवा. आपल्यातल्या बहुतेकांकडे २००५चा आकडा होता. त्या साली आयर्विनवर पाणी ५४ फुटांच्या जवळ गेलं होतं, आणि इतकं पाणी म्हणजे सगळ्यात जास्त, असं आपण धरून चाललो होतो. 'दोन हजार पाचला पायरीलासुद्धा लागलं नव्हतं' म्हणत माणसं घरात बसून राहिली. २०१९चं पाणी त्याच्या साडेतीन-चार फूट वर गेलं. जुना आकडा माहीत असलेल्या माणसांची ही गत, तर ज्याला कुठलाच आकडा माहीत नाही त्याचं काय? आणि घाईघाईने मिळेल त्या बोटीत बसायची वेळ आली की काय होतं, ते ८ ऑगस्ट २०१९ला ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली तेव्हा साऱ्या जिल्ह्याने पाहिलं. २०२१च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास आलं, पण त्या वेळी आपण आधीच निघालो होतो. दोन वर्षांपूर्वीचं सगळं डोळ्यांसमोर ताजं होतं, म्हणून. त्यानंतर किती भाडेकरू बदलले, आपापल्या घरापुरतं मोजून बघा. घर तेच, नदी तीच, आणि तळमजल्यावर राहणाऱ्यांपैकी कुणीही ते पाणी बघितलेलं नाही.

आणि आपल्याकडे राहायला येतं कोण? जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागातून शिकायला आलेली मुलं. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर काम करणारी माणसं. सीमेपलीकडची कन्नड बोलणारी कुटुंबं. दवाखान्यांत रात्रपाळी करणाऱ्या मुली. उत्तरेकडून आलेले सुतार आणि फरशीवाले. यांतल्या कित्येकांनी घरात पाणी आलेलं कधी बघितलेलं नाही. उलट टँकरची वाट बघण्यात त्यांची लहानपणं गेली आहेत. नदी अंगावर येते म्हणजे सुरुवातीला गटारीतून आणि संडासाच्या भांड्यातून उलटं पाणी वर येतं, हे त्यांना कोण सांगणार? गल्लीच्या तोंडाशी पाणी दिसायच्या आधीच मागच्या सखल बोळातून ते शिरलेलं असतं, हे कुठून कळणार? सांगलीत ऊन पडलं असलं तरी कोयनेच्या पाणलोटात पाऊस धरून बसलेला असतो. धरणातून सोडलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून आपल्यापर्यंत यायला साधारण दिवस घेतं. शिवाय खाली हरिपूरला वारणा भरून वाहत असली, की कृष्णेचं पाणी लवकर पुढे सरकत नाही. हे आपल्याला अंगवळणी पडलेलं शहाणपण आहे. नव्या माणसाला ते आपसूक येत नाही, त्याला ते कुणीतरी द्यावं लागतं. आणि ज्याने भाडं घेतलं, त्याच्यावर ही जबाबदारी पहिली येते.

आता एक गोष्ट सांगते, ती माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. २०१९ला आमच्या घरापासून जवळच्या एका वाड्यात तळमजल्यावर एक कुटुंब भाड्याने राहत होतं. नवरा, बायको, दोन लहान मुली आणि नवऱ्याची आई. घरमालक गावाच्या वरच्या अंगाला राहायला गेलेले, वरचा मजला बंद, गच्चीच्या दाराला कुलूप. पाणी खोलीत शिरलं तेव्हा ही माणसं जिन्यावर आली. पायरी पायरी वर सरकत गेली आणि गच्चीच्या कुलपाशी थांबली. पुढे जागाच नव्हती. तेवढ्या अरुंद जिन्यात पीठाचा डबा, शाळेची दप्तरं, शिलाई मशीनचं डोकं आणि पाच माणसं. फोन लागत नव्हते. शेवटी शेजारच्या गच्चीवरून दोघं जण पहार घेऊन आले आणि कोयंडा तोडला. मालक वाईट माणूस नव्हता. नंतर येऊन त्याने त्या कुटुंबाला धान्य भरून दिलं, महिन्याचं भाडं घेतलं नाही. त्याच्या मनातच आलं नव्हतं की आपल्या गच्चीची किल्ली आपल्या खिशात असणं म्हणजे काय.

२०१९नंतर आपल्यातली बरीच कुटुंबं विश्रामबागेकडे किंवा मिरज रस्त्याच्या बाजूला राहायला गेली. त्यात काही गैर नाही. पण जाताना पुराची आठवण तुमच्यासोबत गेली, आणि किल्ल्याही गेल्या. म्हणून जूनच्या आत ज्यांची वरची जागा किंवा गच्ची बंद असते, त्यांनी एक किल्ली भाडेकरूकडे आणि एक शेजाऱ्याकडे ठेवा, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती आहे. बाकीचं काही जमलं नाही तरी एवढं कराच. चोरीची भीती वाटत असेल तर मौल्यवान सामान एका खोलीत घालून तिला वेगळं कुलूप लावा, पण गच्चीकडे जाणारी वाट मोकळी असू द्या. मीटर तळमजल्यावर कमरेइतक्या उंचीवर असेल तर तो वर घेण्यासाठी अर्ज करा, आणि तोवर मेन स्विच कुठे आहे हे भाडेकरूला हाताला धरून दाखवा. पाण्यात उभं राहून स्विचला हात लावायचा नाही, पाणी गल्लीत असतानाच तो बंद करायचा, हेही सांगा.

कागदांचंही तितकंच महत्त्वाचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९नुसार भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. आपल्याकडे अजूनही कितीतरी खोल्या तोंडी बोलीवर दिल्या जातात. एरवी चालून जातं, पूर आला की त्याची किंमत भाडेकरू मोजतो. २०१९ला शहरी भागातल्या पूरबाधित कुटुंबाला १५ हजार रुपयांचं सानुग्रह अनुदान जाहीर झालं होतं. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा ज्यांच्याकडे ना करार, ना पावती, रेशनकार्ड गावाकडचं आणि लाइट बिल मालकाच्या नावावर, त्यांना इथे राहत होतो हे सिद्ध करता करता घाम फुटला. घरातलं सगळं भिजलेलं, चिखलात हात, आणि वर हे. एक नोंदवलेला करार आणि दरमहा भाड्याची पावती एवढ्यावर त्यांचं भागलं असतं. भाडेकरूला करारपत्राचा फोटो मोबाइलवर घेऊ द्या. मूळ कागद पुरात जातात.

काही जण म्हणतात, निळी आणि लाल पूररेषा सरकारने आखलेलीच आहे, मग आपण आणखी कशाला? त्या रेषांचं काम वेगळं. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि दोन्ही मुख्यतः बांधकामाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी. त्या नकाशावर असतात. खोली बघायला आलेली बाई नकाशा घेऊन येत नाही. तिला भिंतीवरची रेघ दिसते.

आता भाड्याचं. रेघेमुळे भाडं कमी येतं किंवा खोली रिकामी राहते, ही भीती मीही अनुभवली आहे. पण आपल्या भागात पूर येतो हे कुणापासून लपणार आहे? कोपऱ्यावरच्या दुकानात दूध घ्यायला गेला की पहिल्याच आठवड्यात त्याला कळतं, आणि तेही वाढवून कळतं. मग जुलैत आयर्विनवर ३५ फूट झालं की मोबाइलवर अफवा सुरू होतात, धरणाबद्दल वाट्टेल ते फिरतं, आणि काहीही माहिती नसलेला भाडेकरू भरलेली खोली टाकून पळतो. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या सखल भागांत इशारा पातळीच्या अलीकडेच पाणी येतं, तिथल्या लोकांनी तेव्हा निघायलाच हवं. पण ज्याचा उंबरा ५१ फुटांवर आहे त्याने ३५ला घाबरायचं कारण नाही, आणि ४८ झाल्यावर थांबायचंही कारण नाही. माझ्याकडे गेल्या वर्षी राहायला आलेल्या दोन मुलींना मी पहिल्याच दिवशी रेघ दाखवली, उंबऱ्याचा आकडा सांगितला, गच्चीची किल्ली दिली. त्यांनी खोली घेतली, आणि यंदा करारही वाढवला. 'काकू, आधीच्या खोलीवर हे कुणी सांगितलंच नव्हतं,' असं त्यांच्यातली एक म्हणाली. ती आधीची खोली याच भागात, आमच्यापेक्षा सखल गल्लीत होती.

ज्यांना रेघेमुळे खरंच थोडं कमी भाडं घ्यावं लागतंय, त्यांनी ते घ्यावं असंच मला वाटतं. खोलीत पाणी येतं हा त्या खोलीचा गुण आहे आणि त्याची किंमत भाड्यात यायला हवी. माहिती दडवून मिळवलेले महिन्याचे चार-पाचशे रुपये आपल्याला शोभत नाहीत. ज्या गावात २०१९ला अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांसाठी गच्च्यांवर चुली मांडल्या, त्या गावात तर नाहीच.

तर आता प्रत्यक्ष काय करायचं ते. संघाने हाताएवढं एक कार्ड छापून घेतलं आहे. त्यावर घराच्या उंबऱ्याचा आयर्विनचा आकडा, २०१९ला खोलीत किती पाणी होतं, मेन स्विच कुठे, वर जायची वाट आणि किल्ली कुणाकडे, मालकाचा नंबर, शेजाऱ्याचा नंबर, आणि किती फुटांना सामान वर घ्यायचं व किती फुटांना घर सोडायचं, एवढंच भरायचं आहे. घर सोडायचा आकडा उंबऱ्याच्या आकड्यापेक्षा निदान तीन फूट आधीचा धरा. घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर आणखी दोन फूट आधीचा. रस्ता घराच्या आधी बुडतो, हे विसरू नका. कार्ड मराठीत, कन्नडमध्ये आणि हिंदीत आहे. भरलेलं कार्ड खोलीच्या दारामागे डोळ्यांच्या उंचीवर चिकटवायचं, आणि नव्या करारात 'पूरपातळीची माहिती दिली व मिळाली' असं एक वाक्य घालून दोघांनी सह्या करायच्या. आपल्या भागात करार करून देणाऱ्या काही लेखनिकांशी बोलणं झालं आहे, ते हे वाक्य घालायला तयार आहेत.

ज्यांच्या रेघा रंगात गेल्या आहेत त्यांच्याकडे गवंडी आणि पोरं येत्या दोन्ही रविवारी सकाळी नळी घेऊन येतील. रंगाचा आणि मजुरीचा खर्च संघ करेल, तुम्ही फक्त घरी थांबा किंवा भाडेकरूला कळवून ठेवा. नव्या रंगावर मोठी पट्टी नको वाटत असेल तर दाराच्या चौकटीच्या बाजूला हातभर लांबीची मारू, पण उंची तीच राहील. जे आता विश्रामबागेला किंवा पुण्याला राहतात त्यांनी किल्ली आणि कार्डासाठी आमच्यापैकी कुणालाही फोन केला तरी चालेल, आम्ही शेजाऱ्यांशी बोलून घेऊ. कार्डं वाचनालयात संध्याकाळी सहा ते आठ मिळतील. मृग लागायच्या आत गल्लीतल्या प्रत्येक भाड्याच्या खोलीत ते लागलेलं असावं, असं आम्ही धरून चाललो आहोत. ७ जूननंतरच्या रविवारी आम्ही घरोघर फिरून बघणार आहोत, तेव्हा भाडेकरूंनाच विचारू की तुमचा आकडा किती.

आपली,
कार्यवाह, नागरिक संघ